हातातली विद्या

उत्तर कॅरोलायनाच्या सॅम्पसन काउंटीमध्ये गारलँड नावाचे एक लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे डॉ. एमॉस जॉन्सन यांचा दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात हेन्री ली ट्रेडवेल नावाचे, सगळे ज्यांना ‘बडी’ म्हणत असत असे, एक कृष्णवर्णीय गृहस्थ काम करीत असत. ट्रेडवेल यांच्यापाशी वैद्यकाची कोणतीही पदवी नव्हती. ते जे काही शिकले, ते डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून, वर्षानुवर्षे रुग्ण पाहून शिकले. डॉ. जॉन्सन पुढे अमेरिकेतल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले आणि सभा-संमेलनांसाठी देशभर हिंडू लागले, पण त्यांच्या मागे गारलँडचा दवाखाना चालू राहत असे, कारण मागे ट्रेडवेल होते.

ज्यांनी आपल्याकडच्या जुन्या गावडॉक्टरांचे दवाखाने पाहिले आहेत, त्यांना तिथला कंपाउंडर आठवेल. ड्रेसिंग तो करी, इंजेक्शन तो देई, आणि ‘हा ताप साधा दिसत नाही, डॉक्टर येईपर्यंत इथेच थांबा’ हेही तोच सांगे. ट्रेडवेल यांची जागा काहीशी तशीच होती. फरक इतकाच, की आपल्याकडे त्या जाणतेपणाचे पुढे कोणी काही केले नाही आणि तिथे मात्र शेजारच्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकाने त्याची दखल घेतली.

ते प्राध्यापक म्हणजे ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. यूजीन स्टेड. मी आज ज्या व्यवसायात आहे, त्या फिजिशियन असिस्टंट किंवा ‘पीए’ या व्यवसायाची सुरुवात त्यांच्यापासून होते. ग्रामीण भागात डॉक्टर पुरे पडत नव्हते आणि जे होते ते कामाखाली इतके दबलेले होते, की नवे काही शिकायला त्यांना उसंत मिळत नव्हती. स्टेड यांनी आधी थेल्मा इंगल्स या परिचर्येच्या प्राध्यापिकेबरोबर अनुभवी परिचारिकांसाठी एक प्रगत शिक्षणक्रम उभा केला होता, परंतु परिचर्या शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता नाकारली. तेव्हा त्यांनी दुसरीकडे पाहिले. लष्करातून बाहेर पडणारे वैद्यकीय सहायक, ज्यांना नौदलात कॉर्प्समन म्हणतात, जहाजांवर आणि रणभूमीवर जखमा शिवून, रक्तस्राव थांबवून, ताप आणि जुलाब सांभाळून आलेले असत. नागरी जीवनात परतल्यावर मात्र त्यांच्या या ज्ञानाला काडीची किंमत नव्हती. फार तर रुग्णालयात ऑर्डर्लीचे, म्हणजे वॉर्डबॉयचे, काम मिळे.

१९६५ साली नौदलातल्या अशा चार माजी कॉर्प्समनांना घेऊन ड्यूकमध्ये दोन वर्षांचे शिक्षण सुरू झाले आणि ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांतले तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. आज अमेरिकेत पावणेदोन लाखांहून अधिक प्रमाणित पीए आहेत. ही वाढ थक्क करणारी आहे यात शंका नाही, पण मला त्या आकड्यापेक्षा त्या चार जणांच्या निवडीमागचा विचार अधिक मोलाचा वाटतो. माणसाच्या हातात आधीच जी विद्या आहे ती ओळखायची, तिच्याखाली शास्त्राचा पाया घालायचा, आणि मग त्याला अधिकार द्यायचा. शिक्षणाचा हा क्रम आपल्या परिचयाच्या क्रमाच्या अगदी उलट आहे. आपण आधी प्रवेश परीक्षा घेतो, मग पुस्तके देतो आणि रुग्ण सर्वांत शेवटी दाखवतो.

या विचाराला सर्वांत खरे उतरलेले रूप, माझ्या मते, ड्यूकपेक्षाही वॉशिंग्टन राज्यात दिसले. डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी १९६९ मध्ये सिअॅटलला ‘मेडेक्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. लष्करातून आलेल्या पंधरा जणांची पहिली तुकडी होती. त्यांना तीन महिने विद्यापीठात कसून शिकवले आणि मग वर्षभरासाठी खेड्यापाड्यांतल्या एकेका डॉक्टरच्या हाताखाली पाठवले. म्हणजे शिक्षण जिथे संपते तिथेच नोकरी उभी राहावी आणि जिथे डॉक्टरांची वानवा आहे तिथेच ती राहावी, अशी ती योजना होती. ड्यूकच्या पहिल्या तुकडीत सगळे पुरुष होते. तिथल्याच रुग्णालयात कनिष्ठ परिचारिका म्हणून काम करणाऱ्या जॉइस निकोल्स यांनी प्रवेशासाठी आग्रह धरला आणि १९७० साली त्या या व्यवसायातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. निकोल्स कृष्णवर्णीय होत्या. आज दर दहा पीएंमागे साधारण सात स्त्रिया आहेत, आणि त्या वाटेवरून चालताना माझ्या मनात निकोल्स यांच्याविषयी कायम कृतज्ञता असते.

मी मूळची कागल तालुक्यातली. कोल्हापुरात मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. केले आणि लग्नानंतर उत्तर कॅरोलायनात आले. इथे पहिली काही वर्षे मी शेतमजूर वस्तीजवळच्या एका लहान दवाखान्यात मेडिकल असिस्टंट होते. रुग्णाला आत घेणे, वजन, रक्तदाब, तापमान नोंदवणे, तक्रार विचारून लिहून ठेवणे, रक्त काढणे, असे ते काम. इथल्या पूर्व भागात तंबाखूची मोठी शेती आहे. निपाणीच्या बाजूला वाढलेल्या माणसाला तंबाखूचा वास नवा नसतो, पण त्याचे एक दुखणे मला इथेच नीट कळले. उन्हाळ्यात, पहाटेच्या दवाने किंवा पावसाने पाने ओली असताना तोडणी केली, की पानातले निकोटीन त्या ओलाव्यात उतरून कातडीतून अंगात जाते. दुपारपर्यंत मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. वरवर पाहिले तर ते ऊन लागल्यासारखे दिसते, कधी कीटकनाशकाची बाधा वाटते. अशा वेळी सकाळी सदरा ओला होता का, हा एक प्रश्न बरेच काही उलगडतो. हा प्रश्न मला तिथल्या एका वयस्क नर्सने शिकवला. पुढे औषधशास्त्राच्या वर्गात निकोटीन आणि ते जिथे जाऊन चिकटते ते पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) शिकताना मला पुस्तकातले पान नव्हे, ओले सदरे आठवत होते, आणि म्हणून ते प्रकरण मी कधी विसरले नाही.

पीएच्या प्रवेशासाठी रुग्णसेवेच्या अनुभवाची अट असते ती याच कारणासाठी. अर्ज एका केंद्रीय व्यवस्थेतून करावा लागतो. पदवी, शरीररचना, शरीरक्रिया, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय, शिफारसपत्रे आणि स्वतःविषयीचा एक निबंध हे सगळे तर लागतेच, पण त्याबरोबर प्रत्यक्ष रुग्णांसोबत घालवलेले तास मोजून दाखवावे लागतात. अनेक शिक्षणक्रम हजार किंवा त्याहून अधिक तासांची अपेक्षा ठेवतात. कोणी रुग्णवाहिकेवर काम केलेले असते, कोणी वृद्धाश्रमात आंघोळी घातलेल्या असतात, कोणी रुग्णालयात रक्त काढत फिरलेले असते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने वृद्धाश्रमात रात्रपाळी केली होती. श्वास लागलेला म्हातारा माणूस कसा बसतो, खांदे कसे उचलतो, बोलताना वाक्य कुठे तोडतो, हे तिने हृदयविकाराचा धडा उघडण्यापूर्वीच पाहिलेले होते. तिच्याशेजारी बसून अभ्यास करणे हे माझे भाग्य होते.

शिक्षणक्रम साधारण सत्तावीस महिन्यांचा असतो. मधे मोठ्या सुट्ट्या नसतात. पहिल्या वर्षभरात शवविच्छेदन, शरीरक्रिया, औषधशास्त्र, रुग्णतपासणी, आणि एकेका अवयवसंस्थेचे आजार असा मारा सुरू असतो. दर आठवड्याला परीक्षा, कधी दोन. या वेगाविषयी मी फार लिहीत नाही, कारण तो सहन होतो, सगळ्यांनाच होतो. मला सांगावेसे वाटते ते दुसऱ्याच एका शिक्षणाविषयी, जे वेळापत्रकात कुठेच लिहिलेले नसते.

दुसरे वर्ष रुग्णालयांत आणि दवाखान्यांत जाते. चार ते सहा आठवड्यांच्या फेऱ्यांमध्ये मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, कुटुंबवैद्यक आणि तातडीचा विभाग असा प्रवास होतो. प्रत्येक ठिकाणी रुग्ण तपासायचा, बाहेर यायचे आणि शिकवणाऱ्या डॉक्टरसमोर किंवा पीएसमोर तो उभ्याउभ्या मांडायचा असतो. वय काय, तक्रार कोणती, किती दिवसांची, तपासणीत काय सापडले, माझ्या मते काय असावे, दुसरे काय असू शकते आणि पुढे काय करावे. हे सगळे दोन-तीन मिनिटांत. पहिल्या आठवड्यांत आपण सगळेच सांगत सुटतो, कारण काय महत्त्वाचे हे ठरवता येत नाही. हळूहळू निवड करता येऊ लागते. आणि त्यानंतर, बऱ्याच उशिरा, एक तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे आपल्याला इथे समजत नाही हे रुग्णासमोर न घाबरता, वेळेत आणि नेमक्या शब्दांत म्हणता येणे.

या तिसऱ्या गोष्टीवर पीएचे सगळे शिक्षण उभे आहे असे माझे ठाम मत आहे. आमच्या व्यवसायाची घडणच अशी आहे, की आम्ही रुग्ण स्वतंत्रपणे तपासतो, निदान करतो, औषधे लिहून देतो, शस्त्रक्रियेत सहायक म्हणून उभे राहतो, पण हे सारे एखाद्या डॉक्टरच्या सहयोगाने. तो डॉक्टर प्रत्येक वेळी खोलीत नसतो, अनेकदा इमारतीतही नसतो. मग त्याला केव्हा बोलवायचे हे कोण ठरवते? आम्हीच ठरवतो. पोटदुखीच्या वीस रुग्णांपैकी एकोणीस जणांना मी घरी पाठवते आणि विसाव्यापाशी थबकते. ते थबकणे पुस्तकातून येत नाही. मला शिकवणाऱ्या एका सर्जन बाई विद्यार्थ्याने निदान चुकवले तर शांतपणे समजावून देत, पण शंका असूनही विचारले नाही असे कळले तर त्यांचा चेहरा कठोर होई. विचारणे हा अज्ञानाचा कबुलीजबाब नसून ते रुग्णसेवेचे काम आहे, हे त्यांनी आमच्या अंगी इतके मुरवले, की आजही फोन उचलताना मला संकोच वाटत नाही.

शिक्षण संपल्यावर राष्ट्रीय परीक्षा असते. तीनशे प्रश्न, साठ-साठचे पाच भाग, प्रत्येकाला एक तास. त्यानंतर राज्याचा परवाना. मग दर दोन वर्षांनी शंभर तासांचे चालू शिक्षण आणि दर दहा वर्षांनी पुनर्प्रमाणनाची परीक्षा, जी आता तिमाहीला पंचवीस प्रश्न या हिशोबाने घरी बसून टप्प्याटप्प्यानेही देता येते. कोणत्या राज्यात डॉक्टरशी लेखी करार लागतो, कुठे लागत नाही, हे कायद्यांप्रमाणे बदलते. उत्तर डकोटाने २०१९ मध्ये बहुतेक पीएंसाठी ती अट काढली, नंतर आणखी काही राज्ये त्या वाटेने गेली.

नातेवाइकांशी बोलताना मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो पुढच्या वाटचालीविषयी सांगताना. माझे मामा अजूनही फोनवर मायेने विचारतात, की मग आता डॉक्टर कधी होणार. त्यांच्या प्रश्नात काही वाईट नाही. आपल्या घरांमध्ये नोकरीचा विचार पायरी-पायरीने होतो, बढती म्हणजे प्रगती हे समीकरण पक्के असते, आणि या व्यवसायात पायऱ्या जवळजवळ नाहीत. काल उत्तीर्ण झालेला पीए आणि पंचवीस वर्षे काम केलेला पीए यांच्या कोटावर तीच अक्षरे असतात. त्याऐवजी इथे आडवी मोकळीक आहे. डॉक्टरला हृदयरोगाकडून अस्थिरोगाकडे जायचे असेल तर पुन्हा काही वर्षांचे निवासी प्रशिक्षण घ्यावे लागेल. पीएला सहसा त्याची गरज पडत नाही, कारण पायाचे शिक्षण सर्वसाधारण असते आणि विशेष कौशल्य कामावर, जाणत्यांच्या शेजारी मिळवायचे असते. ज्यांना हवे त्यांच्यासाठी पदव्युत्तर निवासी शिक्षणक्रमही आहेत. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयाने शस्त्रक्रियेतला असा शिक्षणक्रम १९७१ मध्येच सुरू केला होता. पण तो ऐच्छिक आहे.

या मोकळिकीचा मी स्वतः लाभ घेतला आहे. आधी तातडीच्या विभागात होते, मुले लहान असताना कुटुंबवैद्यकात आले आणि इथेच रमले. पगार चांगला असतो, २०२३ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे पीएंचे मध्यम वार्षिक वेतन १,३०,०२० डॉलर होते. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की ज्यांना निर्णयाचा अंतिम अधिकार स्वतःपाशी हवा असतो त्यांना या व्यवसायात चाळिशीच्या आसपास घुसमट जाणवते. अशा तरुणांना मी स्पष्टपणे सांगते, की तुमची ओढ तिकडे असेल तर थेट वैद्यकीय महाविद्यालयात जा, वेळ लागला तरी चालेल. पीए होणे हा डॉक्टर होण्याचा जवळचा रस्ता नाही. ती वेगळी वाट आहे आणि तिच्यावर ज्याला खोल जाता येते त्याला उंची न मिळाल्याची खंत राहत नाही.

आता जी गोष्ट मला मनापासून छळते तिच्याकडे येते. ट्रेडवेल आज जिवंत असते आणि तरुण असते, तर त्यांना या शिक्षणात प्रवेश मिळाला नसता. आधी चार वर्षांची पदवी, तीही उत्तम गुणांची. त्यावर विज्ञानाचे ठरावीक विषय. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे २०२० नंतर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला पदव्युत्तर पदवीच मिळाली पाहिजे, त्यामुळे पूर्वी प्रमाणपत्र किंवा पदवी पातळीवर चालणारे शिक्षणक्रम बंद झाले किंवा बदलले. शुल्क इतके वाढले आहे, की बहुतेक विद्यार्थी कर्जाचे ओझे घेऊनच बाहेर पडतात, आणि अभ्यासाच्या वेगामुळे शिकताना नोकरी करणे जवळपास अशक्य असते. ड्यूकच्या पहिल्या विद्यार्थ्यांना शिकताना विद्यावेतन मिळत होते, हे आज सांगितले तर माझ्या विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. रुग्णसेवेचे तास अजून मोजले जातात, पण प्रत्यक्षात ते शेवटच्या चाळणीसारखे वापरले जातात. आधी गुण पाहायचे आणि उरलेल्यांचे तास पाहायचे, असा क्रम होऊन बसला आहे. स्टेड आणि स्मिथ यांनी जो क्रम उलटा केला होता, तो आपण पुन्हा सुलटा करून ठेवला आहे.

यामागे कारणे नाहीत असे नाही. वैद्यक १९६५ पेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे झाले आहे. औषधे वाढली, वयस्क रुग्णांचे एकावर एक साचलेले आजार वाढले, आणि जो औषध लिहून देतो त्याच्या शास्त्राच्या पायात उणीव चालत नाही. उच्च पदवीमुळे रुग्णालयांत आणि विमा कंपन्यांपाशी मानही मिळाला. पण शास्त्राचा पाया आणि पदवीचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी सैन्याचा सॅन अँटोनिओ इथला पीए शिक्षणक्रम आजही सेवेतल्या सैनिकांना, पूर्ण पदवी नसतानाही, काही ठरावीक विषय पुरे केल्यावर प्रवेश देतो, शिकताना पगार देतो, आणि शेवटी पदव्युत्तर पदवी त्यांच्या हाती ठेवतो. ते विद्यार्थी तीच राष्ट्रीय परीक्षा देतात. जे सैन्याला जमते ते नागरी विद्यापीठांना जमणार नाही, हे मला पटत नाही.

अनुभवाची ही बाजू ढिली पडली की काय होते, याची चर्चा सध्या ब्रिटनमध्ये होताना दिसते. तिथे विज्ञानाचे पदवीधर दोन वर्षांचे शिक्षण घेऊन या कामात येत राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये प्राध्यापिका जिलियन लेंग यांच्या अहवालाने शिफारस केली, की स्पष्ट आखून दिलेल्या राष्ट्रीय कार्यपद्धतीखेरीज त्यांनी निदान न झालेले रुग्ण पाहू नयेत आणि नव्याने आलेल्यांनी आधी किमान दोन वर्षे रुग्णालयात काम करावे. भारतात चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ साली हे शिक्षण सुरू केले, आणि २०२१ च्या संबद्ध आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला यादीत स्थान दिले. बारावीनंतरची मुले थेट यात येतात. महाराष्ट्रात हे शिक्षण वाढवायचे ठरलेच, तर पहिल्या तुकड्यांमध्ये रुग्णालयांत वर्षानुवर्षे घाम गाळलेले ड्रेसर, तंत्रज्ञ, १०८ च्या रुग्णवाहिकांवरचे कर्मचारी आणि आदिवासी भागातल्या अनुभवी परिचारिका यांच्यासाठी जागा राखाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांना रसायनशास्त्र शिकवता येईल. त्यांनी जे पाहिले आहे ते मात्र वर्गात शिकवता येणार नाही.

आमच्या दवाखान्यात सध्या एक तरुण मेडिकल असिस्टंट आहे. तो सैन्यात वैद्यकीय सहायक होता. जखम धुताना त्याचा हात किती हलका आहे आणि तापलेल्या मुलाकडे एकदा पाहून तो मला ‘याला आधी बघा’ असे केव्हा म्हणतो, हे मी रोज पाहते. तो संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात विषय पुरे करतो आहे, पदवीला अजून अवकाश आहे आणि घरी लहान मूल आहे. दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघे बसून त्या आठवड्यातले तीन रुग्ण मांडतो, मी त्याला रीतसर प्रश्न विचारते आणि तो उत्तरे शोधून आणतो. गेल्या महिन्यात त्याच्या शिफारसपत्राचा पहिला मसुदा मी लिहायला घेतला. अर्ज करायला त्याला अजून दोन-तीन वर्षे लागतील, पण त्याने तंबाखूच्या शेतातून आलेल्या मजुराला सदऱ्याविषयी स्वतःहून विचारले तो दिवस मला तारखेसह लिहून ठेवायचा होता.